धुरपतआत्याच्या आगटीवर

“ए गिरणीवाल्या! मुडद्या! बंद कर ते तुझं इंजन! माणूस बोलून राहिलं न्हवं का!”

इंजन बंद करायची खरं तर गरज नव्हती. माझी पिठाची गिरणी चालू असली की दारात बैल हंबरला तरी आत पत्ता लागत नसे. पण धुरपतआत्यानं तोंड उघडलं की गिरणीचाच आवाज, सासरा ओसरीवर आल्यावर सून सरकावी तसा, मागं सरकून उभा राही. तरी मी पट्टा पाडला. न पाडला असता तर तिनं मला पाडलं असतं.

दळणाला बसलेल्यांनी माना खाली घातल्या. पौष लागला होता, ज्वारी हुरड्यात आली होती, आणि आत्या कशाला आली हे गावातल्या शेळ्यांनाही ठाऊक होतं.

“ऐतवारी माझ्या आखाड्यावर हुरडा हाय,” ती दारातूनच गरजली. “समद्यांनी यायचं. म्हादू, तू येतूस का?”

“आत्या, माझं पोट बिघडलंय.”

“ऐतवार आजून चार दिसानं हाय.”

“तवर न्हाई बरं व्हायचं ते.”

“आन तू गं, गंगे?”

“आमच्या घरी सुवेर हाय, आत्या.”

“कोण बाळंत झालं?”

गंगीनं जरा विचार केला. “शेळी,” ती म्हणाली.

आत्यानं दोघांकडं एकेकदा पाहिलं, “बसा मुडद्यांनो पीठ खात,” म्हणाली आणि निघून गेली. ती गेली तरी तिचा आवाज बराच वेळ पिठात बसून होता. त्या दिवशीच्या भाकरी गावात सगळ्यांना जरा तिखट लागल्या म्हणतात.

ही नव्वदच्या दशकाच्या सुरवातीची गोष्ट. मी त्या गावात नुकतीच गिरणी टाकली होती. गाव हिंगोलीकडचं, डोंगरकडा नावाच्या गावाच्या अलीकडं. नाव सांगत नाही, कारण तिथले लोक वाचतात कमी, पण भांडतात मन लावून. मी मूळचा कुरुंद्याकडचा, त्यामुळं मला काही माहीत नव्हतं. मला वाटलं, म्हातारी कंजूष असेल, कच्चा हुरडा घालत असेल. म्हादूला विचारलं तर तो म्हणाला, “तिथं कोणी खात न्हाई.”

“काहून?”

“खात न्हाई म्हणजे न्हाई. तू दळ.”

पण गिरणीत बसलेल्या माणसाला दाण्याबरोबर गावही दळून मिळतं. फक्त चाळून घ्यावं लागतं. चाळून जे उरलं ते असं.

आमच्याकडं आखाडा म्हणजे कुस्तीचा नव्हे. आखाडा म्हणजे शेतातलं बिऱ्हाड. गोठा, कडब्याची गंजी, दोन खोल्या, दारात लिंब. आत्याच्या बापाचा आखाडा शिवारात मोठा होता आणि त्याचा हुरडा त्याहून मोठा. पौष लागला की तो आगटी पेटवी. आगटी म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्याचा खड्डा, त्यात कोवळी कणसं भाजायची, गरम आहेत तोवर चोळायची आणि भोवती बसलेल्यांच्या हातावर दाणे ठेवायचे. येईल त्याला तो बसवी. जाणाऱ्यालाही बांधावरून ओढून आणी. त्या महिन्यात गावातल्या चुली रुसून बसत, असं जुनी माणसं सांगत.

निजामाचं राज्य गेलेलं आणि नवं राज्य अजून नीट मांडी घालून बसायचं होतं, तेव्हाचं हे. आत्या परकरातली पोर. एका संध्याकाळी आईनं तिला विरजण आणायला गावात मावशीकडं पाठवलं. अंधार पडला म्हणून मावशीनं ठेवून घेतलं. सकाळी पोर विरजणाचं भांडं घेऊन निघाली आणि बांधावरून तिनं आईला हाक मारली. कुणी ओ दिली नाही.

आई, बाप, दोन भाऊ, म्हातारी आजी आणि घरचा सालदार. कुऱ्हाडीनं. सगळे.

इथं मी काही वाढवणार नाही. बाकी सगळीकडं वाढवतो, माझा धंदाच तो आहे. पण इथं गावानंही कधी वाढवलं नाही.

चोरी म्हणावी तर आईच्या नाकातली नथ जागच्या जागी होती, बैल दावणीला होते. आगटी अजून कोमट होती. तिच्याभोवती पोती अंथरलेली, घरच्यांना लागतील त्याहून जास्त, आणि चोळलेल्या कणसांचा ढीग. म्हणजे पाहुणे आले होते. बापानं त्यांना बसवलं होतं, भाजून चोळून खाऊ घातलं होतं, आणि खाऊन झाल्यावर त्यांनी हे केलं होतं. दारातलं कुत्रं जिवंत होतं, आणि शेजारच्या आखाड्यावर त्याचं भुंकणं कुणी ऐकलं नव्हतं. याचा अर्थ गावानं लगेच ओळखला आणि तितक्याच लगेच गिळला. आलेली माणसं ओळखीची होती.

पोलीस आले. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे त्यांनी आधी गावाबाहेरच्या बंजारा तांड्यावरची माणसं धरून बडवली, आणि काही निघत नाही म्हटल्यावर खात्रीसाठी पुन्हा बडवली. गावानं ते पाहिलं आणि तोंड उघडलं नाही. खुनी सापडले नाहीत ते नाहीतच.

तेव्हापासून त्या आखाड्यावर गावातल्या कुणी बसून खाल्लं नव्हतं. विचाराल तर लोक भुताचं नाव सांगत. पण भुताची भीती असणारा माणूस रात्री टाळतो, हे दिवसाढवळ्या टाळत. भीती भुताची नव्हती, शेजाऱ्याची होती. जो पहिला जाऊन त्या आगटीवर बसेल त्याच्याकडं बघून कुणीतरी म्हणणार, ‘बघा, याला बरी जागा ओळखीची!’ बस. एवढ्या एका वाक्याच्या धाकानं अख्खं गाव इतकी वर्षं हुरडा दुसरीकडं खात होतं.

मावशीनं पोरीला वाढवलं, औंढ्याकडं दिलं. मूलबाळ झालं नाही. नवरा गेला तशी ती बोचकं घेऊन परत आली, ती मावशीच्या घरी नाही, थेट आखाड्यावर. दार उघडलं, सारवलं, चूल मांडली, वावर कसायला लागली. गावची लेक गावातच नांदायला आली म्हणून लहानथोर सगळ्यांची ती आत्या झाली. भुतांनी म्हणे पहिल्याच आठवड्यात आखाडा सोडला. तिच्या आवाजापुढं त्यांची झोप होईना.

आवाजाचं काय सांगू! ती बांधावर उभी राहून गड्याला हाक मारी तेव्हा डोंगरकड्याच्या केळीच्या मळ्यात घड हलत. एकदा तिनं ‘थांब रं!’ म्हणून आपल्या बैलाला दम दिला, तर रस्त्यानं चाललेली एस.टी. थांबली आणि ड्रायव्हर खाली उतरून विचारू लागला, “काय झालं, आजी?” हे मी स्वतः पाहिलेलं नाही. पण त्या एस.टी.तून उतरलेल्या माणसाचं दळण मी दळलंय, आता यावर काय पुरावा पाहिजे?

आणि शिवी एकच. मुडद्या. ज्या बाईनं परकराच्या वयात एका सकाळी घरचे सगळे मुडदे पाहिले, ती पुढं जन्मभर दिसेल त्याला लाडानं मुडद्या म्हणे. तलाठ्याला, देवळातल्या गुरवाला, पाळण्यातल्या लेकराला. मी एकदा धीर करून विचारलं, “आत्या, दुसरी एखादी शिवी न्हाई का?”

“जित्या माणसालाच म्हणती मी,” ती म्हणाली. “म्हणती आन वळून बघतो का ते बघती.”

तिच्या कुत्र्याचं नाव फौजदार. कुत्रं पाळावं तर तिनं. तिनं त्याला उलटं शिकवलं होतं. अनोळखी माणूस आला तर त्यानं गप्प बसायचं, ओळखीचा आला की भुंकायचं. शिवारात हसत लोक. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा फौजदारानं माझे पाय चाटले. दुसऱ्यांदा गुरगुरला. तिसऱ्यांदा माझ्या पँटीचा पाय गुडघ्यापर्यंत फाडला, तेव्हा आत्या कौतुकानं म्हणाली, “आता वळखाया लागला बघ तुला!”

या शिकवणीचा तोटाही व्हायचा. एकदा भुरटा चोर आला, विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर काढून घेऊन गेला, आणि फौजदार त्याला शेपूट हलवत बांधापर्यंत पोचवून आला. चौकशीला ठाण्यातले खरे फौजदार आले. आत्या चुलीपाशी. साहेबांबरोबरच्या ओळखीच्या पोलीस पाटलावर कुत्रं गुरगुरलं, ते ऐकून तिनं आतूनच आवाज दिला, “फौजदार! मुडद्या! गप खाली बस, भाकर टाकते तुला!” साहेब खाली बसले. भाकर आली ती साहेबांनीच खाल्ली, आणि फार चांगली झाली म्हणाले. निदान मी तरी आजवर असंच सांगत आलोय.

तर तो ऐतवार. मी परगावचा. खून झाले तेव्हा माझा बाप कुरुंद्यात शेळ्या वळत होता. माझ्यावर कोण संशय घेणार? म्हणून मी गेलो. म्हादू गिरणीत सगळ्यांना सांगत होता, “त्याचं खाल्लेलं धरायचं न्हाई.”

आखाड्यावर जाऊन बघतो तर आत्यानं लग्नाच्या पंगतीला पुरतील एवढी कणसं काढून ठेवलेली. गुळाची ढेप फोडलेली, चटणी, दही, बोरं, पोती झटकून अंथरलेली. आणि खाणारा मी एकटा. मी खाल्लं. किती खाल्लं ते सांगितलं तर तुम्ही इथंच पुस्तक मिटाल. ती भाजत होती, चोळत होती, माझ्या ओंजळीत टाकत होती आणि मधून मधून उठून बांधाकडं बघून येत होती.

शेवटी मी म्हणालो, “आत्या, दर साली कशाला ही तकलीफ? येत न्हाईत तर ऱ्हाऊ द्या की.”

ती कणीस चोळायची थांबली. “माझ्या बापाच्या आगटीवर शेवटी कोण बसलं होतं, सांग.”

मी ओंजळीतले दाणे पोत्यावर ठेवले.

“ते. त्यांच्यानंतर कोणी न्हाई. माझ्या बापाचे शेवटचे पाव्हणे ते मुडदे. असंच ऱ्हाऊ द्यायचं का?”

“मी बसलो ना आता.”

“तू परगावचा. तू ग्वाड हाईस, पर तुला धरत न्हाईत. माझा बाप ह्या गावासाठी आगटी पेटवत व्हता. हे गाव बसाया पायजे. त्याच्या आदी मी मेले तर ते शेवटचेच राहतेत. कायमचे.”

“आन येणाऱ्यांत त्यातलाच एखादा असला तर?”

“असंल की.” ती पुन्हा चोळायला लागली. “नातवंडं झाली असतील आता त्याला. नातवंडांनी काय केलंय? लेकरांला हुरडा लई आवडतो.”

एवढं बोलताना तिचा आवाज पहिल्यांदाच माणसाएवढा झाला होता. मला तो ओळखूच आला नाही. फौजदारालाही नसावा, कारण तो भुंकला नाही.

पुढं दर पौषात हेच. ती गिरणीत येऊन ओरडायची, लोक पोट धरायचे. गंगीच्या शेळीनं तर इतक्या वेळा घरात सुवेर आणलं की त्या हिशोबानं गावात माणसांपेक्षा शेळ्या जास्त व्हायला हव्या होत्या. मी एकटा जाऊन खाऊन यायचो. आत्याचे केस पांढरे होत चालले. पहिला फौजदार मेला, त्याच नावाचा दुसरा आला. एकदा ती थंडीतापानं पडली, तेव्हा मी औषध घेऊन गेलो. अंगात फणफण आणि ही मला सांगतेय, “मी एवढ्यात मरत न्हाई रं. मला मरून चालत न्हाई.”

हिंगोली जिल्हा झाला. जिल्हा झाल्यावर कचेऱ्या वाढल्या, आणि कचेऱ्यांमागं बातमीदार वाढले. त्यातला एक कोवळा पोरगा मोटारसायकलवर आत्याकडं आला. मी तिथंच होतो. त्यानं पेनचं टोपण काढलं आणि म्हणाला, “आजी, त्या दिवसाकडं मागं वळून पाहताना कसं वाटतं?”

“कसं वाटतं? हे घे, लसूण सोल.”

पोरगा लसूण सोलायला बसला. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला, “तुमचा संशय कोणावर आहे?”

“तुझ्यावर,” आत्या म्हणाली. “एवढ्या येळात चारच पाकळ्या सोलल्यास. बाकीच्या कुठं गेल्या?”

तरी त्यानं बातमी छापलीच. खाली शेवटी लिहिलं, ‘आजही गावकरी त्या आखाड्यावर पाणीही पीत नाहीत. का?’

त्या ‘का’नं गावाची झोप उडवली. इतकी वर्षं ही गोष्ट गावच्या पोटात मुकाट होती, ती आता मोंढ्यात, भर बाजारात गेली. हळद घेऊन हिंगोलीला गेलेल्या म्हादूला दुसऱ्या गावच्या माणसानं विचारलं, “काय पाव्हणं, तुमी काहून पीत न्हाई तिथलं पाणी?” एका सोयरिकीत मुलीच्या मामानं तोच प्रश्न टाकला आणि सुपारी फुटायची राहिली. पहिल्यांदा गावाला कळलं, की न जाण्याचाही कुणी अर्थ काढू शकतं.

हे सगळं आत्या माझ्या गिरणीत बसून ऐकत होती. ती एवढी गप्प बसलेली पाहून मला वाटलं, ताप पुन्हा आला.

संक्रांतीच्या सकाळी ती मारुतीच्या पारावर चढली. भजनी मंडळानं भोंगा देऊ केला. पैलवान आधाराच्या काठीकडं बघतो तसं तिनं भोंग्याकडं बघितलं, आणि श्वास घेतला.

“ऐका रं मुडद्यांनो! उद्या माझ्या आखाड्यावर हुरडा हाय! ज्याच्या घरच्यानं माझ्या मायबापाला मारलं त्यानं येऊ नगं! बाकी समद्यांनी या!”

आणि उतरून घरी गेली.

ते ऐकून मारुतीसुद्धा शेंदराच्या आत अवघडला असावा. मग सगळ्यांत आधी म्हादू पळत तिच्या मागं गेला. “आत्या! मी येतो! माझं पोट बरं हाय!”

“तुझं पोट कोणी इचारलं का, मुडद्या?”

त्याच दुपारी ती तांड्यावर गेली. तिथं ओरडायला नाही, उंबऱ्याला जाऊन बोलवायला. तीळगुळाचा डबा धरायला मी बरोबर होतो. तांड्याचा धर्मा नाईक बाजेवरून उठला. पोलिसांनी बडवलेल्यांत त्याचा बाप होता.

“नाईक, उद्या हुरड्याला या,” आत्या म्हणाली. “तुमच्या लोकांनी पयले बसायचं.”

“पयले काहून?”

“पयला मार तुमाला बसला म्हणून.”

धर्मा नाईक विझलेली बिडी तशीच ओढत राहिला. “माझा बाप मरस्तोवर डाव्या कुशीवर झोपला न्हाई, बाई,” तो म्हणाला. “खाणारे खाऊन गेले, पचवलं आमी.” मग बिडी टाकून म्हणाला, “येतो. पर त्या गावाला भिऊन न्हाई. तुमी उंबऱ्याला आल्या म्हणून.”

आता दुसऱ्या दिवसाचं मी काय वर्णन करू? जत्रेला एवढी माणसं जमत नाहीत. सकाळपासून बांधावरून रांग लागली. नांदेडला नोकरीला असलेले सुट्टी टाकून आले. पुण्याला गेलेलं एक पोरगं रात्रभर ट्रॅव्हल्सनं उभ्यानं आलं, कारण बापानं फोनवर सांगितलं होतं, “तू न्हाई आलास तर लोक मला धरतेल.” एका नवरदेवाला हळद लागलेली, तो तसाच पिवळाधमक हजर. भटजी म्हणाले, आधीच पौषात ओढूनताणून काढलेला मुहूर्त, तोही टळेल. नवरदेव म्हणाला, “मुहूर्त दुसरा मिळतो. नाव गेलं तर?” खुनांच्या वेळी ज्यांचे बापसुद्धा जन्मले नव्हते, तेही घाम पुसत आले. गंगी शेळीला घेऊन आली, तिचीही हजेरी लागावी म्हणून. दुसऱ्या फौजदाराची दैना झाली. सगळेच ओळखीचे, भुंकावं तरी किती! दुपारपर्यंत त्याचा घसा बसला आणि तो गंजीखाली जाऊन झोपला.

आत्यानं आगटी जुन्याच जागी पेटवली होती. जिथं तिचा बाप भाजायला बसे, तिथं ती बसली.

“तांडा पयला!” तिनं आरोळी ठोकली.

गावातले दोन-चार जण कुरकुरले. एरवी उठून गेले असते. पण उठणार कसे? उठून जाईल त्याच्याकडं सगळ्या गावाचे डोळे. तेव्हा सगळे हाताची घडी घालून उभे राहिले, आणि धर्मा नाईक, त्याची बायको, भावकी, नातवंडं आगटीभोवती पोत्यांवर बसली. आत्यानं पहिलं कणीस काढलं. निखाऱ्यातून काढलेलं कणीस ती अशी चोळी की जणू तेच तिचा हात भाजायला भीत होतं. पहिली ओंजळ धर्मा नाईकाच्या हातावर ठेवली. त्यानं खाल्ली, सगळ्यांकडं एकदा बघत, सावकाश, एकेक दाणा.

मग गाव बसलं.

सगळ्यांत शेवटी बैलगाडी आली. तीत गादीवर दगडूअप्पा. गावातला सगळ्यांत म्हातारा माणूस, वर्षभर खाटेवरून न उठलेला. पोरांनी उचलून आणला होता. “अप्पा न्हाई गेले तर काय म्हणतेल लोक?” गाडी बांधाला लागली आणि सगळ्यांचं चोळणं थांबलं. म्हातारा त्या काळात ऐन जवानीत होता, हे प्रत्येकानं मनातल्या मनात मोजून घेतलं. पोरांनी त्याला पोत्यावर टेकून बसवलं. त्याच्या तोंडात एक दात नव्हता. आत्या उठली, खलबत्ता आणला, हुरडा गुळात कुटला आणि आपल्या हातानं त्याला भरवू लागली.

दगडूअप्पाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. माणसं बघत होती. पण खरं सांगायचं तर दगडूअप्पा त्या वर्षी कशालाही रडत. भाकरीला रडत, रेडिओवरच्या बाजारभावाला रडत. त्यामुळं पाण्यावरून काही ठरवता येईना.

“खा, मुडद्या,” आत्या म्हणाली. अप्पांनी मान वळवून तिच्याकडं बघितलं आणि खाल्लं.

मग लेकरांचा गलका उठला. हुरडा लेकरांना आवडतोच. ती आगटीभोवती अशी झुंबड करून बसली की मोठ्यांना सरकावं लागलं. कुणाच्या लक्षात आलं नाही, पण माझ्या आलं, की थोड्या वेळानं लोक खरंच खायला लागले. दाखवायला नव्हे, भूक लागल्यासारखे. म्हादूनं तर एवढं खाल्लं की त्याचं पोट खरंच बिघडलं, तेही आठवडाभर. इतक्या वर्षांचं खोटं एकदाचं फिटलं.

आत्या दिवसभर ओरडत होती. “खा रं! घे की गं! लाजतेस काय!” सूर्य कलला, कणसं संपली, माणसं पांगली. मग ती आगटीजवळच्या पोत्यावर बसली आणि गप्प झाली. आजूबाजूच्या शिवारातले लोक सांगतात, त्या संध्याकाळी त्यांना कानांत दडे बसल्यासारखं झालं.

पुढचे दोन आठवडे माझ्या गिरणीत एकच हिशोब चालला. तिथं आलेल्या प्रत्येकानं प्रत्येकाला मोजलं होतं. एक म्हणे सगळे आले. दुसरा म्हणे एक घर आलं नाही. पण कोणतं, यावर दोघांचं एकमत होईना, आणि ज्याचं नाव निघे तो लगेच शपथा घेऊन सांगे की मी आगटीच्या उगवतीला बसलो होतो, विचारा गंगीला. गंगी म्हणे, मला शेळी बघायची होती. मग हळूहळू तेही दळून पीठ झालं. पुढल्या पौषात आत्या ओरडायला आली नाही. गरजच पडली नाही. लोक आपापल्या पाहुण्यांना घेऊन जाऊ लागले, “आमच्या आत्याचा हुरडा” म्हणून.

माझी गिरणी पुढं बंद पडली. गल्लोगल्ली घरगुती चक्क्या आल्या, आणि माणसं दळणाबरोबर बोलणंही घरीच उरकू लागली. मी कुरुंद्याला परत जायचं ठरवलं आणि निरोप घ्यायला आखाड्यावर गेलो. लिंबाखाली बाज टाकून ती बसली होती. अंग चिमणीएवढं राहिलेलं. तो आवाजही राहिला नव्हता. बाजेवर टेकून बसावं तेव्हा ऐकू येई. धर्मा नाईकाची नातवंडं आणि गावातली पाच-सहा पोरं तिच्या पायाशी बसलेली, आणि ती कणीस चोळत होती. निम्मे दाणे खाली सांडत होते. पोरं ते वेचून खात होती.

मी जवळ बसलो. “आत्या, चाललो मी आता. एक इचारू का? इतक्या वर्षांत इचारलं न्हाई.”

तिनं कणीस खाली ठेवलं.

“तो पयला मोठा हुरडा झाला ना, तव्हा तुमी आगटीपाशी बसल्या होत्या. समदं गाव तुमच्या डोळ्यांसमोर होतं. खरं सांगा. त्या दिशी कोण आलं नव्हतं?”

आत्यानं जरा आठवून पाहिलं.

“त्या दिशी चटणी कमी पडली,” ती म्हणाली.